सरकारी निधीवर संशोधन : सही करण्याआधी काय पाहायचं, नंतर काय सांभाळायचं

मोठं संशोधन सरकारी पैशाशिवाय होत नाही. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, १९८७ साली ओझोन थरासाठी माँट्रिअल करार झाला. दोन्ही ठिकाणी शास्त्रज्ञ आणि सरकारं एकत्र नसती तर काहीच घडलं नसतं. म्हणून ‘सरकारचा पैसा घ्यायचाच नाही’ ही भूमिका आम्हाला पटत नाही. मात्र समोरच्या पक्षाच्या हातात निधी, परवानगी आणि कायदा असे तिन्ही लगाम असतात, हे विसरून करार करणं धोक्याचं आहे. संशोधकाची सामाजिक जबाबदारी बहुतेक वेळा सही होण्याआधीच्या काही आठवड्यांतच निभावली जाते, नाहीतर हातची जाते. त्यानंतर उरतं ते वैयक्तिक धैर्य, आणि ते प्रत्येकाकडून प्रत्येक वेळी मागणं अन्यायाचं आहे.

पुढचे टप्पे प्रमुख संशोधक, पीएच.डी.चे विद्यार्थी आणि सरकारी समित्यांवर जाणारे तज्ज्ञ यांच्यासाठी आहेत.

प्रस्तावाआधीचं एक पान

प्रस्ताव लिहायला घेण्याआधी एका पानावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. निष्कर्ष कोण वापरणार? कोणावर वापरणार, आणि त्या लोकांना नकार देता येईल का? निष्कर्ष खात्याच्या धोरणाविरुद्ध गेला तर त्याचं काय होईल? आणि काय घडलं तर आपण काम सोडू?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच सहसा कोणी लिहीत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट अणुबाँबच्या प्रकल्पात गेले ते जर्मनी आधी बाँब बनवेल या भीतीपोटी. जर्मनीने ते काम सोडून दिल्याचं १९४४च्या अखेरीस कळलं तेव्हा ते लॉस अलामोस इथल्या बाँबच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले. त्यांच्या जाण्याचं कारण त्यांच्या येण्याच्या कारणातच होतं. बाकीच्यांचं येण्याचं कारणही बहुतेक तेच होतं, पण कामाला वेग आला की सुरुवातीचं कारण मागे पडतं. म्हणून ते आधी लिहून ठेवायचं, तारीख घालायची आणि दोन सहकाऱ्यांना वाचायला द्यायचं. दर सहा महिन्यांनी ते पान काढून परत वाचायचं.

जीवशास्त्रात काम असेल तर आणखी एक चाळणी लावा. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००४ साली सात प्रकारचे प्रयोग धोक्याचे म्हणून नोंदवले : लस निकामी करणारे, जंतूंना प्रतिजैविकांविरुद्ध प्रतिकारशक्ती देणारे, जंतूंची मारकता वाढवणारे, संसर्गक्षमता वाढवणारे, नव्या यजमान प्राण्यात शिरकाव करून देणारे, निदान चुकवणारे, आणि जंतू किंवा विष शस्त्रात बसवता येईल अशा रूपात आणणारे. आपला प्रयोग यांपैकी एकातही बसत असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे तो *निधी मागण्याआधी* ठेवा. उशिरा ठेवल्यावर काय होतं ते बर्ड फ्लूच्या प्रकरणात दिसलं. एच-५-एन-१ विषाणू फेरेट प्राण्यांमध्ये हवेतून पसरेल असे बदल नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी केले. डिसेंबर २०११मध्ये अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने तपशील गाळून छापा असं सुचवलं. जानेवारी २०१२मध्ये संशोधकांनी स्वतःहून काम थांबवलं. वादावादी झाली, आणि मे-जून २०१२मध्ये दोन्ही शोधनिबंध छापले गेले. प्रयोग करावा की नाही, हा खरा प्रश्न होता. तो विचारला गेला तेव्हा विषाणू तयार होऊन हस्तलिखितं नियतकालिकांकडे पोचली होती.

कराराची भाषा

इथे वेळ घाला. खात्याशी शब्दांची देवघेव व्हायला चार ते सहा आठवडे लागतात असं धरून चाला, आणि करार पक्का होईपर्यंत कोणाचीही नेमणूक करू नका. एकदा चार जणांचे पगार त्या निधीवर अवलंबून राहिले की कुठलंही कलम बदलून घेण्याची तुमची ताकद संपते.

छापील करारात साधारण असं एक वाक्य असतं :

‘या प्रकल्पातून निर्माण होणारी कोणतीही माहिती खात्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही.’

हे वाक्य नीट वाचा. ‘कोणतीही माहिती’ यात कामाची पद्धत, परिषदेतलं भाषण आणि विद्यार्थ्याचा प्रबंध असं सगळंच आलं. परवानगी किती दिवसांत द्यायची ते लिहिलेलं नाही, म्हणजे खात्याने उत्तरच दिलं नाही तरी निबंध अडकला, आणि ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी कोणावरच आली नाही. नकाराची कारणंही दिलेली नाहीत. शिवाय प्रकल्प संपला तरी बंधन संपत नाही. प्रत्यक्षात संशोधन दडपलं जातं ते बंदीच्या हुकमाने क्वचितच. बहुतेक वेळा फाइल टेबलावर पडून राहते, एवढंच.

त्याऐवजी हे मागा :

‘प्रसिद्धीला पाठवण्याच्या ३० दिवस आधी मसुदा खात्याला दिला जाईल. या मुदतीत लेखी हरकत न आल्यास खात्याची संमती आहे असे मानले जाईल. हरकत पुढील तीनच कारणांसाठी घेता येईल : व्यक्तींची ओळख उघड होणे, पेटंटचा अर्ज प्रलंबित असणे, किंवा करारासोबतच्या परिशिष्टात नोंदवलेली गोपनीय माहिती मसुद्यात असणे. पेटंटसाठी कमाल ६० दिवसांची वाढीव मुदत मिळेल. निष्कर्ष खात्याच्या धोरणास प्रतिकूल असणे हे हरकतीचे कारण धरले जाणार नाही.’

शेवटचं वाक्य वगळा असा आग्रह हमखास होतो. तेच धरून ठेवा, हवं तर ३० दिवसांचे ४५ करून द्या. ‘ते कलम छापील आहे, कोणी वापरत नाही’ असं तोंडी सांगितलं जाईल. सांगणारा अधिकारी प्रामाणिक असेलही, पण त्याची बदली झाली की त्याचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. कलम बदलता येत नसेल तर सही करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडून पूरक पत्र घ्या आणि ‘हे पत्र कराराचा भाग आहे’ असं त्यात लिहून घ्या.

खरोखर गुप्त ठेवावं असंही काम असतं. तिथे गुप्ततेचा निर्णय सुरुवातीलाच व्हायला हवा. अमेरिकेच्या १९८५च्या एका राष्ट्रीय निर्देशाने हेच तत्त्व घेतलं होतं : मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तेवढे खुले राहावेत, आणि सुरक्षेसाठी बंधन आवश्यकच असेल तर ते गोपनीयतेच्या रीतसर वर्गवारीतून यावं. ‘संवेदनशील’ असा मोघम शिक्का काम पूर्ण झाल्यावर मारला जातो तेव्हा त्याचा सुरक्षेपेक्षा निष्कर्षांशीच जास्त संबंध असण्याची शक्यता असते.

आणखी तीन गोष्टी तपासा. शेवटचा हप्ता ‘अहवाल समाधानकारक वाटल्यास’ मिळणार असेल तर ‘ठरलेल्या स्वरूपात अहवाल सादर झाल्यावर’ असं करून घ्या. करार मध्येच रद्द झाला तर कर्मचाऱ्यांना किमान ९० दिवसांचा पगार मिळेल हे लिहून घ्या. अहवालात खात्याने बदल केले तर स्वतःचं नाव काढून घेण्याचा आणि मूळ मसुदा वेगळा छापण्याचा हक्क नोंदवून घ्या.

विद्यार्थ्यांबाबत तडजोड नको. प्रबंधाची परीक्षा खुली असते. बंधनाखालच्या डेटावर प्रबंधाचं प्रकरण उभं केलं तर निर्णय खात्याच्या हातात जातो आणि वर्षं विद्यार्थ्याची जातात. त्याचं मुख्य काम खुल्या डेटावरच असू द्या.

डेटा

१९३७ साली सोव्हिएत संघात जनगणना झाली. मोजणी सुमारे १६ कोटी २० लाखांवर थांबली. सत्तेला अपेक्षित असलेल्या आकड्यापेक्षा ती बरीच कमी होती, कारण त्याआधीच्या काही वर्षांत मोठा दुष्काळ होऊन गेला होता. जनगणना रद्द ठरवली गेली, ती करणाऱ्या प्रमुख संख्याशास्त्रज्ञांना अटक झाली, काहींना गोळ्या घालण्यात आल्या, आणि १९३९ साली नव्याने गणना करून सोयीचा आकडा काढला गेला. तरीही १९३७चे तक्ते अभिलेखागारात टिकले आणि सोव्हिएत संघाच्या अखेरच्या काळात अभ्यासकांना ते वाचता आले. नोंद टिकली तर सत्य उशिरा का होईना, तपासता येतं.

नोंद टिकवण्याची पद्धत सोपी आहे, फक्त ती पहिल्या दिवसापासून पाळायला हवी. गोळा केलेली कच्ची फाइल त्याच दिवशी ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी कुलूपबंद करा आणि सगळी साफसफाई तिच्या प्रतीवर करा. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या इमारतीत. प्रत्येक कच्च्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे संगणकाने फाइलवरून काढलेली खूण, काढा. ती ६४ चिन्हांची ओळ असते आणि फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ती पूर्ण बदलते. ओळ तारखेसह नोंदवहीत लिहा आणि संस्थेच्या ग्रंथालयाला किंवा कार्यालयाला मेल करा. पुढे कधी ‘आकडे नंतर बदलले’ असा आरोप झाला तर ही एक ओळ वाद मिटवते.

इथे एक खबरदारी. डेटात लोकांची नावं, आजार किंवा पत्ते असतील तर परवानगीशिवाय बाहेर प्रत ठेवणं गुन्हा ठरू शकतं, आणि मुख्य म्हणजे त्या लोकांचा तो विश्वासघात असतो. अशा वेळी हॅश बाहेर ठेवा, डेटा आतच.

विश्लेषणाचा आराखडा डेटा उघडण्याआधी लिहा : कोणते चल, कोणती चाचणी, कोणत्या नोंदी वगळणार आणि का. सार्वजनिक नोंदणी शक्य असेल तर तिथे, नाहीतर संस्थेच्या आवक विभागाचा तारखेचा शिक्का घेऊन ठेवा. आकडे गैरसोयीचे निघाले की ‘हे दोन जिल्हे वगळून बघा’ अशी सूचना येते. आराखडा आधीच ठरलेला असेल तर उत्तर देणं सोपं जातं : वगळून केलेलं गणितही देतो, पण परिशिष्टात, आणि तसं लिहून.

माणसांकडून माहिती घेताना

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं टस्कीगी इथे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं गेलं नाही. हे सगळं सरकारी डॉक्टरांनी, सरकारी पैशावर, उघडपणे निबंध छापत केलं. १९६४ साली माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा आला तरी अभ्यास थांबला नाही. सेवेतल्याच पीटर बक्स्टन यांनी १९६६पासून लेखी हरकती घेतल्या, १९६९ साली तज्ज्ञांच्या समितीने अभ्यास पुढे चालू ठेवायला सांगितलं, आणि १९७२ साली वर्तमानपत्रांत बातमी आल्यावरच तो बंद झाला. लिखित तत्त्वं असूनही हे घडलं, म्हणून संमतीच्या कागदापेक्षा ती कोण, कुठे आणि कशी घेतं याकडे जास्त लक्ष द्या.

जो कर्मचारी लोकांना अनुदान, धान्य किंवा दाखले देतो त्याने संमती घ्यायची नाही. समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची भीती वाटणारच. ‘नकार दिलात तरी तुमचा कुठलाही लाभ थांबणार नाही’ हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा, नंतर तेच त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. कैदी, सैनिक आणि वसतिगृहातली मुलं यांच्याबाबत स्वतंत्र साक्षीदार ठेवा. माहिती पोलीस, कर किंवा नागरिकत्वाच्या खात्याकडे जाऊ शकते का, हे संमतिपत्रात स्पष्ट लिहा. जाऊ शकत असेल तर तसंच लिहा, आणि मग अभ्यास करावा का याचा फेरविचार करा.

नावं काढली म्हणजे धोका टळला असं समजू नका. १९४२ साली अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने जपानी वंशाच्या लोकांची संख्या वस्तीगणिक काढून लष्कराला दिली. त्यात एकही नाव नव्हतं. त्या तक्त्यांची मदत १,१०,०००हून अधिक लोकांना छावण्यांत हलवताना झाली. इजा व्यक्तीची ओळख न पटताही होते, गटाची ओळख पटली की पुरतं. म्हणून तक्त्यात दहापेक्षा कमी माणसांचा चौकोन रिकामा ठेवा, आणि बेरजेवरून तो उलगडणार नाही अशी शेजारचीही एक संख्या झाका. अल्पसंख्य गटाचं वस्तीनिहाय वर्गीकरण संशोधनाच्या प्रश्नाला अत्यावश्यक नसेल तर ते करूच नका. जो तक्ता अस्तित्वात नाही तो कोणी मागू शकत नाही.

सल्लागार समितीवर गेलात तर

ब्रिटनमध्ये गायींच्या मेंदूच्या ‘बीएसई’ (‘मॅड काऊ’) रोगावर १९८९ साली साउथवुड समितीचा अहवाल आला. माणसांना धोका असण्याची शक्यता फारच कमी, असं त्यात होतं. पुढच्याच वाक्यात समितीने बजावलं होतं की हा अंदाज चुकला तर परिणाम अतिशय गंभीर होतील. सरकारने पहिलं वाक्य वर्षानुवर्षं वापरलं, दुसरं मागे पडलं. मार्च १९९६मध्ये माणसातल्या रोगाशी संबंध असण्याची शक्यता सरकारला जाहीर करावी लागली. समितीची भाषा प्रामाणिक होती, पण तिचे दोन तुकडे होऊ शकत होते. निष्कर्ष आणि त्याची अट एकाच वाक्यात गुंफा, अट आधी आणि निष्कर्ष नंतर : ‘मेंदू व मज्जारज्जू अन्नातून पूर्ण वगळले गेले, तरच धोका कमी राहील.’ असं वाक्य कापून वापरलं तर ते कापल्याचं दिसतं.

‘शक्यता आहे’, ‘बहुधा’ या शब्दांना आकडे जोडा. हवामानबदलाच्या आंतरसरकारी मंडळाची, म्हणजे आयपीसीसीची पद्धत उसनी घ्यायला हरकत नाही. तिथे ‘संभाव्य’ म्हणजे ६६ ते १०० टक्के आणि ‘अतिसंभाव्य’ म्हणजे ९० ते १०० टक्के. त्यांच्याकडून घेण्यासारखी दुसरीही गोष्ट आहे : धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारी प्रतिनिधी ओळ न् ओळ मंजूर करतात, पण मूळ प्रकरणं शास्त्रज्ञांची राहतात आणि तीही छापली जातात. आपल्या समितीतही मूळ अहवाल आणि सरकारी टिपण असे दोन वेगळे कागद ठेवा, आणि मूळ अहवाल किती दिवसांत प्रसिद्ध होणार ते समितीच्या कार्यकक्षेतच लिहून घ्या.

लोकांशी बोलणार कोण, हे पहिल्या बैठकीत ठरवा. इटलीत लाक्विला इथे सतत छोटे धक्के बसत असताना ३१ मार्च २००९ रोजी तज्ज्ञांची बैठक झाली. नागरी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने टीव्हीवर लोकांना दिलासा दिला की या धक्क्यांमधून ऊर्जा मोकळी होते आहे. याला विज्ञानात आधार नव्हता. शास्त्रज्ञांनी स्वतंत्र निवेदन काढलं नाही. ६ एप्रिलला मोठा भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसं गेली. २०१२ साली सहा शास्त्रज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली. २०१४ साली शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. भूकंपाचं भाकीत कोणालाच करता येत नव्हतं, हे खरं. तरी चुकीचा दिलासा खोडून काढणं शक्य होतं. बैठक संपण्याआधी पाच ओळींचं निवेदन सगळ्यांच्या सहीने तयार करा, आणि अधिकाऱ्याने विपरीत सांगितलं तर २४ तासांत ते जसंच्या तसं माध्यमांकडे जाईल अशी अट आधीच घाला.

हरकत नोंदवताना

हरकतपत्र एका पानाचं असावं. पहिल्या परिच्छेदात काय घडलं ते तारखेसह, दुसऱ्यात त्याने कोणाला काय इजा होते, तिसऱ्यात नेमकं काय करायला हवं, शेवटी उत्तराची मुदत. हेतूंबद्दल एक शब्दही नको. ‘खात्याला सत्य दडपायचं आहे’ असं लिहिलंत की चर्चा तुमच्या स्वभावावर जाते. ‘तक्ता ४मधल्या १२ नोंदी ३ तारखेच्या मसुद्यात होत्या, १० तारखेच्या मसुद्यात नाहीत’ असं लिहिलंत तर त्याला उत्तर द्यावं लागतं. एकट्याने लिहू नका. सहीला किमान तीन ज्येष्ठ हवेत, आणि कायम नोकरी नसलेल्या कोणाचीही सही मागू नका.

पत्र कुठल्या वाटेने जातं यावर बरंच ठरतं. ११ जून १९४५ रोजी अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पातल्या शिकागोच्या सात शास्त्रज्ञांनी फ्रँक अहवालात बाँब शहरावर न टाकता आधी प्रात्यक्षिक दाखवा असं सुचवलं. जुलैमध्ये त्याच प्रकल्पातले भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या बाँबविरोधी अर्जावर ७० जणांनी सह्या केल्या. तो अर्ज प्रकल्पाच्याच लष्करी साखळीतून वर पाठवला गेला आणि वेळेत राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचला नाही. ज्याच्या निर्णयावर हरकत आहे त्याच्याच टेबलावरून जाणारी वाट एकमेव ठेवू नका. संस्थेची नैतिकता समिती, विज्ञान अकादमी, लेखापरीक्षक आणि संसदीय समिती यांपैकी कोणाकडे रीतसर जाता येतं हे प्रकल्प सुरू होतानाच शोधून ठेवा.

कोणाला कायद्याचं संरक्षण आहे तेही पाहा. अर्जेंटिनात २००७ साली सरकारने सांख्यिकी संस्थेत हस्तक्षेप केला आणि महागाईचे अधिकृत आकडे विश्वासार्ह राहिले नाहीत. स्वतःचे अंदाज छापणाऱ्या खासगी अर्थतज्ज्ञांना २०११ साली दंड झाले. मग विरोधी पक्षांचे खासदार त्या अंदाजांची सरासरी दर महिन्याला जाहीर करू लागले, कारण त्यांना संसदीय संरक्षण होतं. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशानुसार तक्रारीची पोच सात दिवसांत आणि काय कारवाई केली ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते वकिलाकडून समजून घ्या, पहिलं पत्र पाठवण्याआधीच. गोपनीय वर्गातली माहिती बाहेर देणाऱ्याला अशा कायद्यांचं संरक्षण बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

काम सोडायचं ठरलं तर कारण लेखी द्या, डेटा आणि नोंदवह्या रीतसर सुपूर्द करून पोच घ्या, आणि त्याआधी गटातल्या कनिष्ठांची पुढची सोय लावा : दुसरा मार्गदर्शक, दुसरा निधी, शिफारसपत्र.

काम पूर्ण झालं तर ओळख जोडणारी यादी ठरलेल्या तारखेला नष्ट करून तशी नोंद करा. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत, दोन पानांत द्या, खात्याला अंतिम अहवाल जाईल त्याच दिवशी.